एक वीत जागा

शैला बहनजी म्हटलं की मला एक सकाळ दिसते. कडाक्याची थंडी होती. खासगी बाजार मोहल्ल्यातल्या त्यांच्या घराच्या गच्चीवर नुकतं ऊन आलं होतं. फरशीवर पांढऱ्या खडूने एक लांबट चौकोन आखलेला होता आणि त्या चौकोनात प्लास्टिकच्या स्टुलावर बहनजी बसल्या होत्या. अंगात स्वेटर, वरून शाल, पायांत लोकरीचे मोजे. आणि त्या मग्ग्याने डोक्यावरून पाणी घेत होत्या. मग्गा रिकामा होता, बादलीही रिकामी होती. हात तेवढा खरोखर थरथरत होता.

शेजारच्या गच्चीवर मुगाच्या वड्या घालत बसलेल्या भाभींनी हे पाहिलं. "बहनजी, ये क्या कर रही हो?"

"नहा रही हूँ. दिखता नहीं? उधर मुँह करो!"

भाभी हसत हसत खरंच पाठ फिरवून बसल्या. बहनजी हसल्या नाहीत. त्यांनी मग्गा खाली ठेवला, उजवा हात बाजूला लांबवला, हवेतच काहीतरी घट्ट धरलं आणि मला म्हणाल्या, "ज्योती, इथे खूण कर. इथे मला धरायला दांडा लागेल. आत्ता नाही, पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षीच्या आपल्या शरीरासाठी न्हाणी आखणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

बहनजींचं माहेर मराठी, सासरही मराठी. पण शहर हिंदी मुलखातलं, लश्कर या आमच्या भागातल्या मुलींच्या शाळेत सगळा कारभार हिंदीत चाले, म्हणून त्या साऱ्यांच्या बहनजी. मी मराठी आहे हे कळल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "घरी आलीस की मावशी म्हणत जा." मी पुष्कळ प्रयत्न केला, जीभ वळली नाही. आजही वळत नाही.

त्या गृहविज्ञान शिकवत. ज्या मुलींना गणित जमत नाही त्यांनी घ्यायचा विषय, असं शाळेत सगळे मानत, आमच्यापैकी बहुतेकजणी त्याच कारणाने तिथे बसलेल्या असत. बहनजींनी 'घराची रचना' हा धडा वर्गात कधीच शिकवला नाही. त्या आम्हाला पटांगणात नेत, पर्समधून खडू काढत आणि जमिनीवर खरोखरच्या मापाचं स्वयंपाकघर आखत. मग एकीच्या डोक्यावर भरलेला घडा, दुसरीच्या कडेवर दप्तराचं गाठोडं, आणि दोघींना त्यात एकाच वेळी वावरायला लावत. घडा सांडला की म्हणत, "देखा? कॉपी में नहीं गिरा था." कागदावर आखलेल्या खोलीवर त्यांचा विश्वास नव्हता. "कागदावर माणूस मावत नाही," हे त्यांचं वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल!

एकदा मी धीर करून म्हणाले होते, "बहनजी, हमारे घर में तो इतनी जगह ही नहीं है."

"तो जितनी है उतनी खींच," म्हणून त्यांनी खडू माझ्या हातात दिला.

मी आमची दौलतगंजातली खोली काढली. मोरी, शेगडीची जागा, पत्र्याची पेटी, बाबांचा पलंग. बाबा एका गोदामावर रात्रीचे रखवालदार होते, त्यामुळे दिवसा पलंगावर ते झोपलेले असत आणि आम्ही कुजबुजत बोलत असू. बहनजींनी एका मुलीला पलंगाच्या जागी निजवलं, एकीला शेगडीपाशी बसवलं, माझ्या धाकट्या भावांच्या जागी दोघींना उभं केलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "और ज्योती पढ़ने किधर बैठती है?"

मी आखलेल्या खोलीकडे पाहिलं. मी खडूच्या रेघेबाहेर उभी होते.

मुली हसल्या. बहनजींनी रेघ पुसली नाही. त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी अभ्यासाला बसू लागले.

बारावी झाली तेव्हा बाबांनी जाहीर केलं की आता पुरे. आमचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आले, याचा बाबांना फार अभिमान होता. पण त्या फौजेतलं आमच्याकडे काहीच उरलं नव्हतं, आणि माझ्याआधी घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. बहनजी आमच्या खोलीत आल्या, पत्र्याच्या पेटीवर बसल्या.

"बहनजी, मुलीच्या जातीला इतकं शिकवून काय करायचंय? तुम्हीच सांगा."

"तेच सांगायला आले. तुमच्या घरात पहिली पदवी हिची. नाव तुमचंच लागेल ना पुढे?"

बाबांनी पलंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाले, "कॉलेज मुलींचंच पाहिजे. आणि सायकल-बियकल नाही. आईबरोबर जाईल, आईबरोबर येईल."

सायकल हे माझं एकमेव स्वप्न होतं. बहनजींनी क्षणाचाही वेळ न घेता म्हटलं, "कबूल. वडील तुम्ही आहात. तुम्ही म्हणता तसंच होईल."

गल्लीच्या तोंडापर्यंत त्यांना पोहोचवताना मी रडत होते. त्या थांबल्या. "रडतेस कशाला? कॉलेज मिळालं नं? भांडणात एक वीत सोडावी, ज्योती. समोरच्यालाही उभं राहायला जागा लागते. अगदी भिंतीला लावलं तर माणूस हात उगारतो."

त्या तशाच जगल्या. मुख्याध्यापिकेशी, सासूबाईंशी, नगरपालिकेच्या कारकुनाशी, सगळीकडे त्यांनी मोठी गोष्ट मिळवली आणि समोरच्याच्या हाती एक वीत ठेवली. आणि ती रीत चालायची, हे मी माझ्याच घरात पाहिलं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी बाबा स्वतः एक जुनी सायकल घेऊन आले. घंटी वाजवून दाखवली आणि म्हणाले, "आईचे पाय दुखतात. रोज रोज कुठवर चालेल ती." मी पदवीधर झाले, पुढे बी.एड. केलं, आज एका शाळेत शिकवते. पदवीचा कागद मी देवापुढे ठेवण्याआधी बहनजींना नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो नीट वाचला आणि म्हणाल्या, "नाव बरोबर लिहिलंय. पेढा आण."

त्यांचे यजमान, ज्यांना मी काका म्हणते, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांचं घराणं पुरोहितांचं. कचेरी असतानाही काकांचं सोवळं सुटलं नव्हतं, निवृत्तीनंतर तर त्यालाच सगळा वेळ मिळाला. पहाटे अंघोळ, रेशमी कद नेसणं आणि न्हाणीतून सरळ देवघरापुढच्या पाटावर. हा पाट मधल्या खोलीत, न्हाणीच्या दारासमोरच पडत असे. काकांचे वडीलही तिथेच बसायचे. काका मनाने फार मऊ. माझ्या प्रत्येक परीक्षेच्या दिवशी त्यांनी देवाला फूल वाहिलं आहे. पण पाटाच्या आसपासची फरशी मी नेहमी टाळून चालत असे. मला तसं कोणी कधी सांगितलं नव्हतं. आमच्यासारख्यांना ते सांगावं लागत नाही.

याच सोवळ्यापायी त्या घराचा संडास वर गच्चीवर होता आणि न्हाणी खाली. बहनजींनी सगळा संसार त्या जिन्यावरून चढून-उतरून केला. मग त्यांना कंपवात झाला. आधी हात, मग पावलं. पावसाळ्यात त्या जिन्यावरून घसरल्या आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात मला निरोप आला : खडू घेऊन ये.

मुलगा अतुल पुण्यात असतो. तो फोनवर म्हणत होता, "आई, तुम्ही दोघं इकडेच या. नाहीतर एखादी बाई ठेव अंघोळ घालायला, मी बघतो." बहनजी त्याला "हो रे, हो रे" म्हणत राहिल्या. फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "सासूबाई अंथरुणावर होत्या तेव्हा त्यांना मीच नाहू घालायची. चांगली घालायची, हं. गरम पाणी, उटणं, सगळं. पण मी त्यांचा पदर काढला की त्या डोळे मिटून घ्यायच्या. अंघोळ होईपर्यंत उघडायच्या नाहीत. बाहेर आणून पातळ नेसवलं की मग उघडायच्या." थोडा वेळ त्या आपल्या थरथरत्या हाताकडे पाहत बसल्या. "मला डोळे मिटायचे नाहीयेत, ज्योती. जितके दिवस होईल तितके दिवस माझी अंघोळ मी करणार."

त्या न्हाणीसाठी त्यांना एवढंच हवं होतं. बाकी साऱ्या गोष्टी त्यातून निघाल्या. उंबरा नको, पाऊल अडतं. कमोड खालीच हवा, न्हाणीतच. नळ बसल्या जागी हाताशी. दांडे दोन, एक आत्ताचा आणि एक पुढच्या वर्षीचा. फरशी खडबडीत. आणि आतून कडी नको. बाहेरून उघडता येईल अशीच हवी.

बाबूलाल मिस्त्री आले तेव्हा त्यांनी टेप काढून भराभर मापं घेतली. बहनजींनी त्यांना गच्चीवर नेलं आणि खडूच्या चौकोनातल्या स्टुलावर बसायला सांगितलं. "बैठो भैया. अब बिना हाथ टेके उठो."

बाबूलाल टुणकन उठले. "लो बहनजी. मेरे तो घुटने अच्छे हैं."

"सबके थे," बहनजी म्हणाल्या.

काका मात्र कमोडला तयार होईनात. "न्हाणीत संडास? आणि तिथूनच अंघोळ करून मी देवाला बसू? अगं, काय बोलून राहिलीस तू?"

बहनजी वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी काकांना गच्चीवर बोलावलं. जुन्या न्हाणीची, आहे तशी, रेघ आखलेली होती. त्या तिच्यात गेल्या, माझा हात धरून सावकाश खाली बसल्या आणि मग चक्क आडव्या झाल्या, त्या गार फरशीवर.

"अहो, या आत. मी पडलेय असं समजा. उचला मला."

"शैला, हे काय..."

"या तर. रेघेच्या बाहेर पाय नाही टाकायचा. भिंत आहे तिथे."

काका आत आले. एक पाऊल त्यांनी बहनजींच्या डोक्याशी ठेवलं, दुसरं कुठे ठेवावं ते त्यांना समजेना. वाकायला गेले तर पाठ खडूच्या भिंतीबाहेर जात होती. दोनदा त्यांनी पाय उचलला आणि परत तिथेच ठेवला. मग ते तसेच उभे राहिले. त्यांचा चेहरा मला पाहवेना.

"कुठे उभे राहाल?" खालून बहनजींनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता.

"कर तुला हवं तसं," काका म्हणाले. "कमोड कर, भिंत पाड, काय पाहिजे ते कर. आधी ऊठ तिथून."

अशी ती न्हाणी त्यांनी जिंकली. शेजारची कोठी मोडून जागा वाढवली, कमोड आला, दांडे आले. काकांनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही. फरशीच्या ढाळाची परीक्षा बहनजींनी स्वतः घेतली. बादलीभर पाणी ओतायला लावलं आणि ते कुठे रेंगाळतं ते पाहत दारात खुर्ची टाकून बसल्या. एका कोपऱ्यात तळहाताएवढं पाणी राहिलं. बाबूलालनी मुकाट्याने तेवढी फरशी उखडली.

राहिलं होतं दार.

त्या दिवशी मीही तिथे होते. दाराची चौकट बसायची होती. बहनजी मधल्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या आणि त्यांच्या सांगण्यावरून मी जमिनीवर दार उघडण्याची रेघ काढत होते. दार बाहेर उघडणार होतं. बिजागरीपासून निघालेली गोल रेघ खोलीत आली आणि काकांच्या पाटाच्या कोपऱ्यावर चढली. साधारण वीतभर पाट आत येत होता. मी खडू उचलून धरला.

"अहो," बहनजी म्हणाल्या, "पाट एक वीत बाजूला घ्यावा लागेल."

काका समईची वात नीट करत होते. ते वळले. "बाजूला म्हणजे?"

"डावीकडे. वीतभरच."

"म्हणजे देवासमोर तिरकं बसू मी?" काकांचा आवाज चढला नाही. तो दुखावलेला होता. "आणि संडासाच्या दाराचा पल्ला माझ्या पाटाला येऊन लागणार रोज? सोवळ्यात? शैला, कमोड म्हणालीस, हो म्हटलं. कोठी मोडलीस, मोडू दिली. वडील बसायचे ती जागा आहे गं. एवढं एक तरी माझं राहू दे."

बहनजींनी त्या रेघेकडे पाहिलं. मग त्यांनी बाबूलालना सांगितलं, "भैया, दरवाज़ा अंदर खोल दो."

मी न राहवून म्हणाले, "पण बहनजी, आजारी माणसाच्या न्हाणीचं दार बाहेरच उघडावं, तुम्हीच शिकवलंत आम्हाला. आत माणूस पडलं तर..."

"शाळेत शिकवलं होतं. हे घर आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आमच्या पेटीवर बसून बाबांकडे पाहिलं होतं तशाच समाधानाने. "सगळं तर मिळालं नं? एक वीत सोडावी. पूस ती रेघ."

मी ओल्या फडक्याने रेघ पुसली. काका परत समईकडे वळले. तेही समाधानात होते.

न्हाणी तयार झाली तेव्हा थंडी सरत आली होती. पहिल्या अंघोळीच्या दिवशी बहनजींनी मला मुद्दाम बोलावलं आणि मधल्या खोलीत बसवून ठेवलं. आत पाण्याचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. फार वेळ लागला. काका पोथी उघडून बसले होते, पण पान उलटत नव्हते. अखेर त्या बाहेर आल्या. पातळ कसंबसं गुंडाळलेलं, केसांतून पाणी गळत होतं.

"पूर्ण," त्या म्हणाल्या. "कानामागेसुद्धा मीच."

उन्हाळा, पावसाळा, पुन्हा थंडी, त्या आपल्या हातांनी नाहत राहिल्या. पुढच्या वर्षीचा दांडा अगदी वेळेवर कामाला आला. हळूहळू बोलणं पुटपुटल्यासारखं झालं, सही येईना, चमचा तोंडापर्यंत जाताना सांडू लागला. अंघोळ मात्र सुटली नाही. मी गेले की विचारायच्या, "साबणाचा वास येतो का बघ," आणि मनगट पुढे करायच्या.

एका सकाळी मी शाळेत निघाले होते. काकांचा फोन आला. काका कधी फोन करत नसत. "ज्योती, ये. ती पडलीय. दाराशीच पडलीय."

मी धावत गेले. मधल्या खोलीत काका कद नेसलेले, जमिनीवर पालथे पडले होते. कडी बाहेरून उघडलेली होती. दार बोटभर आत जाई आणि थांबे. त्याच्यामागे बहनजी होत्या. पाणी निघून जावं म्हणून दाराखाली त्यांनी थोडी फट ठेवायला लावली होती, त्या फटीतून काकांनी आपली बोटं आत घातली होती. आतून बहनजींनी ती धरली होती.

"ढकलू नका," आतून आवाज आला. अगदी बारीक, पण स्पष्ट. "मानेला लागतंय."

"नाही ढकलत. नाही ढकलत गं," काका म्हणत होते. "आहेस ना?"

"आहे."

मी चपलांसकट देवापुढच्या फरशीवरून गेले आणि दाराशी गुडघे टेकले. "बहनजी, मी आलेय."

"ज्योती? शाळा नाही का आज तुझी?"

"आहे. जाते थोड्या वेळाने."

"उशीर करू नकोस," त्या म्हणाल्या.

शेजारच्या भाभी गल्लीतल्या सुताराला घेऊन आल्या. त्याने दार पाहिलं आणि डोक्याला हात लावला. दार आत उघडणारं, म्हणून बिजागऱ्या आतल्या अंगाला. बाहेरून त्या काढता येणार नव्हत्या. वरचा भाग करवतीने कापायचा, तोही जपून, कारण खाली त्या होत्या. तो कापू लागला. करवतीच्या आवाजात काका पुन्हा पुन्हा विचारत होते, "आहेस ना? शैला, आहेस ना?" आधी "आहे" असं ऐकू येत होतं. मग नुसता हुंकार. मग काका विचारायचे थांबले आणि फक्त बोटं तशीच ठेवून पडून राहिले. मला वाटतं, त्यांना बोटांवरूनच समजलं असावं.

सुतार कापलेल्या भागातून आत उतरला. त्याने शाल मागितली. आधी ती बहनजींच्या अंगावर टाकली, मगच त्यांना दारापासून हलवलं. त्या सुताराला मी जन्मभर विसरणार नाही.

पडताना डोक्याला कमोडची कड लागली होती. दवाखान्यात त्या काही दिवस होत्या, पण शेवटपर्यंत बोलल्या नाहीत. डोळे मिटलेले होते. नर्स रोज सकाळी येऊन ओल्या कापडाने त्यांचं अंग पुसून जाई. मी तेवढा वेळ बाहेर थांबत असे.

भेटायला येणारे म्हणत, आजारच वाईट. कोणी म्हणे, प्रारब्ध. अतुल म्हणाला की आधीच बाई ठेवायला हवी होती. काका कोणालाच काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. पण तेव्हापासून एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. 'एक वीत सोडावी' ही शिकवण खोटी होती असं मला म्हणता येत नाही, कारण मी तिच्यावरच उभी आहे. बाबांना सोडलेल्या वीतभर जागेतूनच माझी पदवी आली. बहनजींनी आयुष्यभर अशा वितीवर विती दिल्या, आणि त्या देऊन जे मिळालं ते पुष्कळ होतं. पण दाराजवळची ती वीत त्यांच्या स्वतःच्या अंगाची होती. ती द्यायची नव्हती. कुठली वीत सोडायची आणि कुठली धरून ठेवायची, एवढं मला त्यांना विचारायचं राहून गेलं. आता वर्गात एखादी मुलगी घरच्यांसाठी काही सोडून देते आणि वर हसून "कोई बात नहीं, मैडम" म्हणते, तेव्हा मी तिला थांबवते आणि विचारते, "कितना छोड़ा? दिखा मुझे."

तेराव्यानंतर अतुल काकांना पुण्याला न्यायला निघाला होता. काका नाही म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांचा निरोप आला.

मी गेले तेव्हा बाबूलाल मिस्त्री आले होते. नव्या दाराचा पल्ला भिंतीला टेकवून ठेवला होता. चौकटीतून जुन्या बिजागऱ्या काढलेल्या होत्या. काकांची अंघोळ झाली होती, कद नेसलेला होता. त्यांनी बहनजींची पर्स उघडली, चाचपून आतून खडूचा एक तुकडा काढला आणि माझ्यापुढे धरला.

"ती काढायची तशी काढ," ते म्हणाले. "बाहेर उघडणारं."

मी चौकटीशी बसले. बिजागरीच्या जागेपासून सुरुवात केली. गोल रेघ हळूहळू खोलीत आली आणि पाटाच्या त्याच कोपऱ्यापाशी पोहोचली. माझा हात आपोआप थांबला.

काका पुढे आले. खाली वाकून त्यांनी दोन्ही हातांनी पाट धरला आणि तो डावीकडे सरकवला. मग त्यावर बसून पाहिलं. देव आता त्यांच्या नेमके समोर नव्हते, जरा उजवीकडे होते. त्यांनी मान किंचित वळवली.

"वीतभरच तर होतं," ते म्हणाले. मला नाही, देवांनाही नाही.

बाबूलाल दाराच्या पल्ल्याला धरून उभे होते. काका मागे न वळता म्हणाले, "काढ, ज्योती. पुढे काढ."

मी खडू टेकवला आणि रेघ पूर्ण केली.